मालिकेतली आई काय म्हणाली

आई,

तुला आता ऐकू येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, बाबांनी मान्य केलं, मीही केलं. तू मात्र बरेच दिवस केलं नाहीस. तापातून उठलीस तेव्हा अंगात त्राण नव्हतं, केस मूठमूठ गळत होते, आणि तू पलंगावर बसून रेडिओचं बटण पुन्हापुन्हा फिरवत होतीस. रेडिओ चालू होता. इतका मोठ्याने चालू होता की शेजारच्या आंटी काय झालं बघायला दारात येऊन उभ्या राहिल्या. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "सेल गेलेत बहुतेक, आण बरं." मी दुकानातून सेल आणले आणि बदलले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ज्या इंजेक्शनांनी तुझा जीव वाचवला त्यांनीच कानाची नस मारली होती. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून फक्त कारखान्याच्या शेडमध्ये येते तशी घरघर येते म्हणालीस आणि ते परत डबीत ठेवून दिलंस. भोपाळला बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत तू तिसरीच्या मुलांना शिकवायचीस. ती नोकरी तूच सोडलीस. मोठ्या बाईंनी ऑफिसात काम देऊ केलं होतं, तरी सोडलीस. "मुलं काय बोलतात ते मला कळणार नसेल, तर मी तिथे जाऊन काय करू," असं म्हणालीस आणि तो विषय संपला.

घर हळूहळू तुझ्या कानांच्या सवयीचं झालं. तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेस, कुकर शेगडीवर असतो, मी दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली. शिट्टी झाली की मी बोट वर करते. दुसरी झाली की दोन बोटं. कधी मी वाचनात गुंगले की तू कुकरच्या झाकणावरच्या वाफेकडे बघून अंदाजाने गॅस बंद करतेस, आणि भात कच्चा राहिला की जेवताना कोणी काही बोलत नाही. बाहेरच्या माणसांसाठी तू शाळेतली जुनी पाटी जवळ ठेवायचीस. भाजीवाला, गॅसवाला, आंटी, सगळे त्या पाटीवर लिहायचे. घरात मात्र तू ओठ वाचायला शिकलीस. खरं तर माझे ओठ वाचायला शिकलीस. हिंदी तुला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, पण ओठांवरून मराठीच वाचता येई, आणि तेही मी बोलले तरच. बाबांच्या मिशा जाड होत्या. त्यांचे ओठ तुला दिसायचे नाहीत. एका सकाळी बाबा न्हाणीघरातून मिशा काढून बाहेर आले. आम्ही दोघी बघतच राहिलो. इतक्या वर्षांनी उघडा पडलेला त्यांचा वरचा ओठ कोवळा, पांढराफटक दिसत होता. तू हसलीस, तोंडाला पदर लावून हसलीस. बाबांनी मिशा काढल्या, पण बोलायला सुरुवात केली नाही. ते मुळातच कमी बोलत. कारखान्यातून यायचे, स्कूटर पुसायचे, चहा घ्यायचे, पेपर वाचायचे. तुला ऐकू येत होतं तेव्हाही त्यांच्याकडून फारसं काही ऐकू येत नसेच.

म्हणून संध्याकाळी तुझ्यासमोर मी बसायचे. तुला ती एक मालिका आवडायची. आजारपणाच्या आधीपासून तू ती बघत होतीस आणि सोडायला तयार नव्हतीस. मोठं घर, तीन सुना, कायम दागिने घालून झोपणाऱ्या बायका. मी टीव्हीच्या शेजारी स्टूल टाकून, टीव्हीकडे पाठ करून, तुझ्याकडे तोंड करून बसायचे. मागून येणारं ऐकायचं आणि ओठांनी तुला सांगायचं. मी ती मालिका कधी पाहिलीच नाही, आई. मी फक्त ऐकली, आणि ती तुझ्या चेहऱ्यावर घडताना पाहिली. कोणी घरातून निघून गेलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची, कोणी परत आलं की तू मांडीवरचा हात उचलून पुन्हा ठेवायचीस. तुझी तक्रार एकच. "बोलतो एक आणि दाखवतात दुसऱ्यालाच. ज्याचे ओठ हलतायत त्याला जरा दाखवा की."

मग मला कॉम्प्युटर क्लासमध्ये संध्याकाळच्या बॅचेस मिळाल्या. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि क्लास चालवणाऱ्या सरांनी शिकवायला ये म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. क्लास आनंद नगरला होता, तिथून मिनीबसने घरी येईपर्यंत मालिका संपलेली असायची. तू ती तशीच, शब्दांशिवाय बघून ठेवायचीस आणि मी दारात चपला काढत असताना विचारायचीस, "आज त्या मधलीच्या हातून ताट का पडलं असेल?" मला काय माहीत! मी बसमध्ये होते. तुझं ते विचारणं मला टोचायला लागलं, हे लपवत नाही. घरी माझ्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता, त्यावर तू क्रोशाचं कव्हर विणून घातलं होतंस. एम.पी. नगरच्या दुकानात एकदा माउस घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने एक कार्ड दाखवलं. "मैडम, ये लगा लो, कंप्यूटर पे टीवी देखो, और टेप भी करो." पहिल्या पगारातून मी ते घेतलं. कॉम्प्युटरचं झाकण उघडून मी ते बसवत होते तेव्हा तू टॉर्च धरून शेजारी उभी होतीस. केबलवाल्याने तारेला जोड देऊन एक फाटा कॉम्प्युटरच्या मागे आणून दिला. पडद्यावर एका चौकटीत टीव्ही दिसायला लागला, थोडा मुंग्या आल्यासारखा, पण दिसायला लागला. खाली एक लाल गोल बटण होतं. ते दाबलं की समोर चाललेलं सगळं आत साठायचं. वेळ लावून ठेवली की आपोआपही साठायचं.

तू ते लगेच शिकलीस. आठवडाभरात मला वेळ लावायची गरज उरली नाही. साडेआठला तू स्वतः खुर्चीवर बसून लाल बटण दाबायचीस आणि संपलं की बंद करायचीस. मध्येच लाइट गेली तर त्या दिवसाची फाइल उघडायचीच नाही, तेव्हा तू वीज मंडळावर दिवसभर चिडलेली असायचीस. रविवारी सकाळी, अंघोळी आटोपल्या की, आपण दोघी कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि आठवड्याचे सगळे भाग लावायचो. पहिल्या रविवारी मी चित्र थांबवून दाखवलं. पडद्यावरची सासू हात उगारून, तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली. तू आधी चकित झालीस. मग म्हणालीस, "म्हणजे ही आता माझ्यासाठी थांबली?" मी मान हलवली. "पुन्हा सुरू कर. पुन्हा थांबव." त्या सकाळी तू त्या बाईला कितीतरी वेळा थांबवलंस. तापानंतर जग तुझ्यासाठी कुठेच थांबत नव्हतं. दुकानात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, लोक बोलून पुढे निघून जायचे आणि तू मागे राहायचीस. हे मी आज लिहितेय. तेव्हा मला एवढंच वाटलं की तुला खेळणं आवडलं.

थांबवता यायला लागलं तशा तुझ्या मागण्या वाढल्या. आधी चालत्या मालिकेत मी निम्मंच सांगू शकायचे आणि तू ते चालवून घ्यायचीस. आता तुला प्रत्येक वाक्य हवं होतं. एकदा दोन जावांचं लांबलचक भांडण चाललं होतं आणि मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "काही नाही, भांडतायत." तू माउस माझ्या हातातून काढून घेतलास आणि चित्र थांबवलंस. "काय झालं ते मी विचारलं नाही. काय झालं ते मला दिसतं. काय म्हणाली ते सांग." तू वर्गात वापरायचीस तो आवाज होता तो. आवाजाचा अंदाज गेल्यापासून तू जरा मोठ्यानेच बोलायचीस, त्यामुळे बाहेर स्कूटर पुसणाऱ्या बाबांनी आत डोकावून पाहिलं. मला शरम वाटली, राग आला, आणि मी भांडणाचं वाक्य न् वाक्य सांगितलं, मुद्दाम रटाळ करून. तू शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलंस, म्हणजे पाहिलंस, आणि म्हणालीस, "बघ, धाकटीचं बरोबर आहे. हे मला कसं कळलं असतं?"

त्या उन्हाळ्यात पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. फोनवर मुलाखत झाली होती, ती मी क्लासमधूनच दिली होती. घरी कोणालाच माहीत नव्हतं. उत्तर लवकर हवं होतं. मी चार-पाच दिवस तुझ्यासमोर बसायचे, ओठ उघडायचे आणि भाजी काय करू असं काहीतरी विचारायचे. सगळ्या घरात तुझ्याशी बोलणारे ओठ एकच होते आणि तेच आता जातो म्हणणार होते. मला वाटायचं, तू रडशील. त्याहून जास्त भीती ही की तू रडणार नाहीस, नुसती माझ्याकडे बघशील.

तो रविवार. कूलर चालू आहे, त्याचा वास खोलीभर. तू ओले केस पाठीवर सोडून बसली आहेस. पडद्यावर धाकटी मुलगी आणि तिची आई समोरासमोर उभ्या. वाद तिजोरीच्या किल्ल्यांवरून आहे; मुलीने किल्ल्या परस्पर मोठ्या वहिनीला दिल्यात. मुलीचं बोलणं सुरू होतं, आणि मी काय करतेय हे कळायच्या आधीच माझे ओठ भलतंच बोलायला लागतात. "ती म्हणतेय, आई, मला बाहेरगावी नोकरी लागलीय. चांगली आहे. पण मी गेले तर तू एकटी पडशील."

"थांबव," तू म्हणालीस. मी थांबवलं. "हिला नोकरी कधी लागली? ही तर काही शिकतही नव्हती."

"मधल्या भागात लागली. बुधवारी लाइट गेली होती ना, तो भाग राहिला आपला."

तू क्षणभर विचार केलास. "बरं. मग आई काय म्हणते?"

मी पुन्हा सुरू केलं. मालिकेतली आई डोळे वटारून, बोट नाचवून बोलत होती. मागे ढोल वाजत होते, ते तुला ऐकू येत नव्हते. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "ती म्हणतेय, जा. माझी काळजी करू नकोस. माझं मी बघेन. पोरींनी घरात अडकून पडू नये."

"हे इतकं चिडून म्हणते?"

"आतून रडू येतंय तिला, म्हणून."

तू पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. एरवी सांगताना मी तुझ्याकडेच बघायचे. तेव्हा मात्र मी कीबोर्डकडे बघत होते. "पुढे लाव," एवढंच तू म्हणालीस, आणि आपण तो आठवडा संपवला.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच क्लासला गेले होते, पण संध्याकाळच्या बॅचेसना सुट्टी घेऊन घरी परतले. तू ओट्याशी मेथी निवडत होतीस. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तुझ्या कोपराला हात लावला, तू वर पाहिलंस. "आई, मला पुण्याला नोकरी लागलीय." तुझ्या बोटांत एक काडी होती, ती तू बाजूला टाकलीस. "जा," तू म्हणालीस. "माझी काळजी करू नकोस. माझं मी बघेन. पोरींनी घरात अडकून पडू नये." अगदी त्याच शब्दांत. मला नवल वाटलं, आनंदही झाला. मला वाटलं, मालिकेतलं ते वाक्य तुला पटलं, मनात राहिलं आणि वेळेवर ओठांवर आलं. वाटलं, मी किती हुशार. मी तुला मिठी मारली, मेथीची पानं माझ्या ओढणीला लागली. मी निघताना तू मला तुझी हिरवी शाल दिलीस, पुण्याला थंडी नसते असं मी सांगूनही दिलीस.

पुण्यात मी रमले. ते चटकन घडलं आणि त्याचीच मला आज लाज वाटते. तू मोबाइल वापरायला शिकलीस, रोमन अक्षरांत मराठी मेसेज पाठवायचीस. "आज धाकटी खूप रडली. का ते कळलं नाही. तू पाहिलंस का?" मी ऑफिसात असायचे. कधी दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचे. "नाही गं, इथे टीव्ही नाहीये." इथे टीव्ही होता. आमच्या फ्लॅटमधल्या मुली तीच मालिका बघायच्या, मी आतल्या खोलीत बसायचे. दहा मिनिटं त्यांच्यात बसून तुला दोन ओळी लिहिणं काही कठीण नव्हतं. पण ते स्टूल, ती पाठ, ते सगळं मला पुन्हा अंगावर घ्यायचं नव्हतं. हळूहळू तू विचारायचं बंद केलंस. मेसेजमध्ये हवा, भाज्या, बाबांचा खोकला येऊ लागला. मला वाटलं, तू मालिका सोडलीस.

सोडली नव्हतीस. दिवाळीत मी न कळवता एक दिवस आधीच आले. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत तू कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत, आणि माझ्या स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून, बाबा. चित्र थांबवलेलं होतं. बाबा घसा खाकरून, मीटिंगमध्ये रिपोर्ट द्यावा तसं सांगत होते. "ही म्हणाली, मला मान्य नाही. तो म्हणाला, विचार करू."

"एवढं तोंड हलवून दोनच वाक्यं? नेमकं काय म्हणाला?"

बाबांनी वळून माउस हातात घेतला, तेवढा तुकडा पुन्हा लावला, कान स्पीकरला लावून ऐकला आणि पुन्हा तुझ्याकडे वळले. या वेळी ते बरंच जास्त बोलले. तू हात पुढे करून त्यांच्या हनुवटीला बोट लावलंस. "ओठ उघडून बोला हो. मिशा नाहीत आता." आणि बाबा हसले. मी पिशवी घेऊन दारात उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी तोंडाने तसं म्हटलंही. पण माझी जागा कोणीतरी घेतल्यासारखं मला झालं. मी स्वतः उठून गेलेल्या जागेचा असा हेवा वाटावा! भाऊबीजेला मावसभाऊ यायचा होता, तरी मी कामाचं निमित्त काढून आदल्या दिवशीच निघाले. तू डबा दिलास, बाबा स्टेशनवर सोडायला आले. वाटेत म्हणाले, "तुझ्यासारखं मला येत नाही. पण ती चालवून घेते."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलीस. भर दुपारी, स्वयंपाकघरात. बाबा कारखान्यात होते. आंटींनी पाहिलं, त्याच धावत माणसं बोलवायला गेल्या. मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि कॉम्प्युटरवर क्रोशाचं कव्हर सारखं करून घातलेलं होतं. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा तो कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे गेला. आत किती भाग साठवलेले होते, मी उघडून पाहिलं नाही. काही वर्षांनी माझी बदली मागून घेऊन मी भोपाळला परत आले. आता आम्ही साकेत नगरात राहतो, बाबा माझ्याकडेच असतात. हे परत येणं तू असताना का जमलं नाही, असं बाबांनी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात बाबांचे डोळे तपासायला मोठ्या अस्पतालात गेलो होतो. बाहेरच्या बाकावर आंटी बसलेल्या. गुडघ्यासाठी आल्या होत्या. पूर्ण पिकलेल्या, वाकलेल्या, पण मला त्यांनीच ओळखलं. बाबा आत गेलेले होते. आंटी तुझ्याबद्दल बोलत राहिल्या, तुझ्या पुरणपोळ्या, तुझी पाटी. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि हसू आलं.

"तेरी मम्मी ने एक बार दोपहर में बुलाकर मुझे कंप्यूटर के सामने बिठा दिया. बोलीं, देखकर बताओ, ये माँ अपनी लड़की से क्या बोल रही है. मैंने सिलेट पर लिख दिया, चाबी किससे पूछकर दी. मम्मी इतना हँसीं, इतना हँसीं. फिर चुप हो गईं. फिर बोलीं, मेरी लड़की की नौकरी लग गई है, बाहर जाएगी."

मी विचारलं, हे कधीचं. आंटी म्हणाल्या, "अरे तब का, जब तू पूना गई. तूने तो शाम को छुट्टी ली थी न उस दिन? मैंने तुझे बधाई देने को आवाज़ भी लगाई थी, तू सुनी नहीं."

म्हणजे सोमवारची दुपार. मेथीच्या काही तास आधीची. टीव्हीवर नुसतं बघितलं असतं तर ते वाक्य हवेत विरलं असतं, माझा शब्द खरा धरण्याशिवाय तुला मार्ग नसता. पण मीच बसवून दिलेल्या त्या यंत्रात ती बाई बोट नाचवत तशीच्या तशी साठवलेली होती, आणि तू तिला पुन्हा उभं केलंस, दुसरा साक्षीदार बोलावलास आणि नेमकं काय ते विचारलंस. मग उरलेल्या दुपारी तू तुझी तयारी केलीस. संध्याकाळी मी समोर आले तेव्हा तुला उत्तर पाठ होतं. ते मीच लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर बाबा डोळ्यांत थेंब घालून पलंगावर आडवे झाले होते. डोळे मिटून पडून राहायला सांगितलं होतं. मी शेजारी बसले आणि आंटींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "मी ड्यूटीवरून आलो तेव्हाच सांगितलं तिनं. तू यायच्या आधी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पोरीला मला विचारायची भीती वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. आता तिनं जे वाक्य मला दिलंय, तेच म्हणून टाकते. मग तिला जड जाणार नाही."

"आणि तिला स्वतःला काय वाटत होतं?"

बाबांच्या डोळ्यांतून थेंब ओघळून कानाकडे गेला, तो औषधाचा असेल. "ते मी विचारलं नाही," ते म्हणाले. "तू विचारशील असं वाटलं मला."

तेव्हापासून मी हेच धरून बसले आहे. तुझं काय म्हणणं होतं? मी गेल्यावर घर कसं होईल असं तुला वाटलं? तू कुठे हो म्हणाली असतीस, कुठे थांबवलं असतंस, काय अट घातली असतीस? तू शिक्षिका होतीस, तुझ्याकडे वाक्यांची कमतरता नव्हती. मी ती तुला बोलू दिली नाहीत. ज्या बाईला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, तिच्याकडे निदान आतलं स्वतःचं होतं, आणि मी तिथेही माझा आवाज नेऊन ठेवला. बाबा मला म्हणतात, "झालं ते झालं, तू पुण्याला गेलीस म्हणून मी तिच्याशी बोलायला लागलो." ते खरंही आहे. मला ते पुरत नाही.

हे कागद कुठे ठेवायचे ते मला माहीत नाही. बाबांना वाचून दाखवीन असं सुरुवातीला वाटलं होतं, पण आता दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही. रविवारी तुझ्यासमोर मी ते सगळं रचलं, त्याच्या आदल्याच दिवशी क्लासमधून पुण्याला होकार कळवून टाकला होता. तू नको जाऊस म्हणाली असतीस, आई, तरी मी गेलेच असते.